आधी छप्पर बघा

जुनी गाडी घेतली म्हणून पेढे घेऊन येणाऱ्याला मी हल्ली पहिला प्रश्न विचारतो, ‘ठेवणार कुठे?’ मॉडेल कुठलं, पासिंग किती सालचं, किती मोजले, हे सगळं नंतर. बहुतेकांचं उत्तर एकच असतं. ‘आत्ता बिल्डिंगखाली लावलीय, बघू पुढे.’ हे ‘बघू पुढे’च गाडीचा जीव घेतं.

चालून चालून मेलेली जुनी गाडी मी क्वचित पाहिली आहे. उभ्या उभ्या मेलेल्या मात्र गल्लोगल्ली आहेत. आंब्याखाली, निळ्या ताडपत्रीखाली, चारही चाकं जमिनीला टेकलेल्या. ताडपत्री टाकली की मालकाला वाटतं, सोय झाली. ती वरचा पाऊस अडवते, पण जमिनीतून वर येणारी ओल आत कोंडून ठेवते. पत्रा रात्रभर घामेजतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायला बारीक भोकं असतात, ती पाचोळ्याने बुजतात आणि गंज तिथूनच वर चढतो. रंगाला फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा गेलेला असतो. मग डेंटरकडे जा आणि नवा पत्रा जोडून घ्या. त्या पैशात दोन-तीन वर्षांचं कोरड्या जागेचं भाडं निघालं असतं.

आमची गाडी 1979 सालची प्रीमियर पद्मिनी. घरात तिला पद्मिनी कुणी कधी म्हटलं नाही, फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यातली, 1089 सीसीची, स्टिअरिंगला गिअर असलेली. बाबांनी नंबर लावून, वाट बघून घेतली होती. ठाण्याला नौपाड्यात आमच्या दुमजली इमारतीमागे पत्र्याची गॅरेज होती, तिथे ती पस्तीसेक वर्षं सुखाने राहिली. इमारत पुनर्विकासाला गेली आणि बिल्डरने सगळ्यात आधी गॅरेज पाडली.

नव्या इमारतीत एका फ्लॅटला एक जागा, तीही स्टॅक पार्किंगमध्ये. एक गाडी वर उचलायची, दुसरी खाली लावायची. जुन्या गाडीला ही जागा मुळीच चालत नाही. जुनं इंजिन थोडं तरी तेल गाळतंच. आमची वर ठेवली तर खालच्या शेजाऱ्याच्या बॉनेटवर थेंब पडणार, आणि त्याने तक्रार केली तर ती रास्तच. खाली ठेवली तर पावसाळ्यात खड्ड्यात पाणी. पद्मिनी निदान चार मीटरच्या आत बसते. साठच्या दशकातली इम्पाला सव्वापाच मीटरच्या वर जाते. तिच्या मालकाने जायचं कुठे?

सोसायटीकडे दुसरी जागा मागून पाहिली. सुप्रीम कोर्टाने 2010 साली निकाल दिला की स्टिल्टमधली जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सोसायटीची. निकाल चांगलाच आहे. पण आदर्श उपविधींप्रमाणे एका सभासदाला एक जागा, आणि सगळ्यांची सोय होऊन काही उरलं तर दुसऱ्या गाडीला वर्षावर्षाच्या बोलीवर. म्हणजे जी गाडी पंचवीस वर्षं सांभाळायची, तिला निवारा एका वर्षाचा. आमच्या सभेत एक सभासद म्हणाले, ‘ही बंद गाडी इथे नको.’ गाडी बंद नव्हती. त्याच सकाळी मी ती गडकरी रंगायतनपर्यंत नेऊन आणली होती.

मग कर्जतला एका मित्राच्या भातगिरणीचं गोदाम मिळालं. छप्पर पक्कं, दाराला कुलूप, भाडं नाही. जूनमध्ये ठेवली, ऑक्टोबरात उघडली. दार उघडताक्षणी वास आला, ओल्या काथ्याचा आणि मुताचा. मागच्या सीटच्या पोटात हात जाईल एवढं भोक होतं. डॅशबोर्डच्या खणात भाताचं तूस आणि सीटचा काथ्या यांचं घरटं, त्यात डोळे न उघडलेली सहा पिल्लं. बॉनेटखाली वायरिंगची अख्खी जुडी कुरतडलेली, तांबं उघडं. हँडब्रेक ओढून ठेवला होता, त्याने मागचे लायनर ड्रमला चिकटले. चार माणसांनी ढकलली तर चाकं फिरेनात, तशीच फरपटत आली. माझी सत्तरीची आई बाजूला उभी होती. ती एक शब्द बोलली नाही, नुसतं पदराने मागची काच पुसत राहिली.

त्या दिवसापासून मला जागा बघता येते. धान्याजवळ नको, उंदीर येतात. गोठ्याशेजारी नको, मुतातला अमोनिया पितळ आणि क्रोम खातो. मोकळं गोदाम खताचं होतं का, हे विचारून घ्यायचं. जमीन सिमेंटची असली तरी तिच्यातून ओल येते, तेव्हा खाली जाड प्लॅस्टिक अंथरायचं आणि गाडीवर सुती कव्हर घालायचं. हवा दोन्ही बाजूंनी खेळायला हवी. हँडब्रेक सोडून चाकाला वीट लावायची. बॅटरीची केबल काढून ठेवायची. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घालायचा आणि त्याला लाल दोरी बांधायची, म्हणजे काढायचा विसर पडत नाही.

आणि गाडी बाहेर काढायला वाट हवी. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात जास्त विसरलं जाणारं. पाच गाड्यांच्या मागे कोंडलेली गाडी कुणी काढत नाही. मग लोक जागेवरच पाच मिनिटं इंजिन चालू करतात आणि बंद करतात. त्याने नुकसानच होतं, कारण सायलेन्सर पुरता तापत नाही आणि जळणातून तयार झालेलं पाणी आतच राहतं. महिन्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवा, नाहीतर हात लावू नका. शिवाय आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. दमट जागी महिनोन्महिने अर्धी टाकी ठेवणाऱ्याची टाकी आतून गंजणारच.

आता सरकारकडे वळतो. केंद्राने 2021 साली विंटेज गाड्यांसाठी नियम केले. पन्नास वर्षांवरची, मूळ रूप राखलेली गाडी असेल तर तिला ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरप्लेट, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, दहा वर्षांची मुदत. चांगलं केलं. त्याच नियमात असंही आहे की ही गाडी रोजच्या वापराला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. म्हणजे कायद्यानेच गाडीला बहुतेक दिवस उभं राहायला सांगितलं. उभी कुठे राहायची, हे कुणी विचारलंच नाही.

ही झाली पन्नाशी गाठलेल्यांची गोष्ट. आमच्यासारख्यांचं काय? खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण, वर राज्याचा पर्यावरण कर. पंधरा ते पन्नास या मधल्या पस्तीस वर्षांत ती सरकारदरबारी नुसती म्हातारी गाडी असते, भंगाराच्या वाटेवरची. ही पस्तीस वर्षं कुणीतरी तिला कोरडी ठेवली, तरच पन्नासाव्या वर्षी तुमच्या ‘व्हीए’ प्लेटला लावायला गाडी उरणार.

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून रस्त्यावरून गेली. लोकांनी फोटो टाकले, हळहळले. हजारोंनी धावलेल्या त्या टॅक्सींतल्या दहा-वीस उचलून एका शेडमध्ये ठेवायला काय लागलं असतं? ज्या कुर्ल्यात त्या बनल्या तिथे त्यांच्यासाठी एक छप्पर उभं राहू नये, याचा मला अजूनही राग येतो. उदयपूरला मेवाडच्या राजघराण्याने आपल्या जुन्या मोटारखान्यातच गाड्यांचं संग्रहालय केलं. प्राणलाल भोगीलाल मुंबईचे उद्योगपती, पण त्यांचा शंभरावर गाड्यांचा संग्रह बघायला अहमदाबादजवळ कठवाड्याला जावं लागतं. जिथे जागा, तिथे गाड्या.

आणि जागा आपल्याकडे आहे. महापालिकेच्या बहुमजली वाहनतळांचे वरचे मजले मी स्वतः अनेकदा रिकामे पाहिले आहेत. पक्कं छप्पर, सिमेंटची जमीन, रखवालदार, हवा खेळती. त्यातला एक मजला वर्षाच्या पासावर जुन्या गाड्यांना द्या. फुकट नको, रीतसर भाडं घ्या. अटी घाला: गाडी चालू स्थितीत हवी, विमा हवा, खाली तेलाचा ट्रे हवा, सहा महिने न हलवलेल्या गाडीचा पास रद्द. आम्ही आनंदाने पाळू. सोसायट्यांनीही जुन्या गाडीला निदान पाच वर्षांची बोली द्यावी आणि चालत्या गाडीला भंगार म्हणणं थांबवावं.

संग्राहकांनाही सांगतो, आणि हे मनापासून. एका छपराखाली दोन गाड्या बसत असतील तर तिसरी घेऊ नका. तिसरी उघड्यावर सडवण्यापेक्षा ज्याच्याकडे जागा आहे त्याला घेऊ द्या. गाडी त्याच्या नावावर असेल, पण असेल.

आमची फियाट आता वाईला आहे. घाट ओलांडला की हवा बदलते. ठाण्यात जुलैमध्ये चामड्याच्या चपलेला बुरशी येते, तिथे तसं होत नाही. बंद पडलेल्या एका छापखान्याची खोली मिळाली. यंत्रं विकली गेलीत, जमीन घट्ट आणि कोरडी, भिंतींना अजून शाईचा वास. मालक ऐंशीचे आहेत. महिना दोन हजार भाडं ठरवलं आणि वर एक अट घातली. कोल्हापुरात दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक निघते ना, तशी ही दसऱ्याला निघाली पाहिजे, आणि त्यांना व काकूंना ढोल्या गणपतीला नेऊन आणलं पाहिजे.

गेल्या दसऱ्याला नेलं. काकू पुढच्या सीटवर बसल्या, आई मागे. वायरिंग नवं आहे, सीटचा काथ्या नवा आहे. परत आल्यावर काकांनी स्वतः चाकाला वीट लावली, हँडब्रेक सोडलाय ना हे वाकून बघितलं, आणि किल्ली आपल्या देव्हाऱ्याच्या खिळ्याला अडकवली.