सायकली वाटून गेलेल्या पाहुण्यांस



कर्नाटकाच्या सीमाभागातल्या खटकचिंचोळीसारख्या गावात तुम्ही सायकलवाटपाला येता, हार घालून घेता, आठवीतल्या मुलीच्या हाती हँडल देता आणि फोटो निघेपर्यंत ते सोडत नाही. तुमच्या गाडीत जॅक असतो, स्टेपनी असते. मुलीच्या हाती मात्र साधा पानाही नाही, आणि तो कुठे, कसा लावायचा हे सांगणारं कागदाचं चिटोरंही नाही. म्हणून हे पत्र.

सायकली द्यायलाच हव्यात. कर्नाटकात सरकारी योजनेतून त्या २००६-०७ मध्ये आठवीच्या मुलांना मिळू लागल्या. बिहारने २००६ सालीच नववीच्या मुलींसाठी तशी योजना काढली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी तिचा हिशेब मांडला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली ३२ टक्क्यांनी वाढलेल्या दिसल्या. सायकल चालली तर मुलगी शाळेत पोचते, हे सिद्ध झालं आहे. ती बंद पडली तर काय, यावर तुमच्या भाषणात एक वाक्य नसतं.

आणि ती बंद पडते फार किरकोळ कारणांनी. आमची काळी माती पावसात मडगार्डमध्ये गच्च बसते, चेनीत शिरते. तेल न मिळालेली चेन गंजून कुरकुरते. उन्हाळ्यात व्हॉल्व्हवरची रबरी नळी चिरते, हवा जाते, आणि घरचे समजतात ट्यूब गेली. नवी नळी चढवायला काही मिनिटं पुरतात. ढिलं झालेलं डावं पायडल आवळायला मुलगी जीव खाऊन पाना फिरवते आणि ते आणखी सुटतं, कारण डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. एवढी एक गोष्ट तिला कुणी सांगितली असती, तर तिची शाळा बुडली नसती.

शिकायचं कुठे? शेल्डन ब्राउन या अमेरिकन मेकॅनिकने सायकलीचं अख्खं शास्त्र लिहून ठेवलं आहे, पार्क टूल कंपनीचं दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक आहे. दोन्ही इंग्रजीत. घरी मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्या पोरीने ती वाचावीत, अशी तुमची अपेक्षा आहे का?

खरा शिक्षक तर बसस्टँडजवळ बसलेला असतो. तो पंक्चरवाला ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो, जागा घासतो, सोल्युशन लावून ते सुकू देतो आणि मगच पॅच दाबतो. घाईने ओल्यावर चिकटवलेला पॅच टिकत नाही, हे त्याला हातांनी कळलेलं आहे. डुगडुगणाऱ्या चाकाच्या तारा आवळून तो आउट काढतो. त्याची विद्या कुणी लिहून घेतली नाही. तुमच्या व्यासपीठावर त्याला कधी खुर्ची मिळाली नाही.

पुढच्या वाटपाला हार, शाल, नारळ राहू द्या. त्या पैशांत शाळेला एक पंप, दोन-तीन पाने, पॅचची डबी आणि तेलाची बाटली येईल. हवा, ब्रेक, चेन, पंक्चर एवढंच चित्रांसह दाखवणारा एक तक्ता मराठीत आणि एक कन्नडमध्ये छापून भिंतीवर लावा. पंक्चरवाल्याला मानधन देऊन एक दुपार मुलांपुढे बसवा, आणि त्याच्यासमोर प्रत्येक मुलीला स्वतःच्या हाताने चाक काढून परत बसवू द्या. तुमचं भाषण त्यानंतर ठेवा, वेळ उरला तर.

आपली,
सीमाभागातली एक पालक