नगरात बघण्यासारखं काही नाही

नगरकराला पाहुण्याने विचारावं, "तुमच्याकडे बघण्यासारखं काय आहे हो?" नगरकर थोडा विचार करतो आणि अगदी मनापासून सांगतो, "इथं? इथं काही नाही. सकाळी लवकर निघा, शिर्डी करा, जमलं तर शिंगणापूरही." जिल्हा दाखवण्यात आम्ही इतके उदार, की शहर दाखवायचं राहूनच जातं. कागदोपत्री आता आमचं अहिल्यानगर झालं, पण स्टँडवर उतरणाऱ्यांपेक्षा पुढे जाणाऱ्यांची गर्दी जास्त, ती तशीच आहे.

ही चाल जुनी असावी. १८०३ साली इंग्रजांच्या वेलस्लीने आमचा भुईकोट किल्ला घेतला, जवळच्याच एका चिंचेखाली न्याहारी केली असं सांगतात, आणि गडी पुढच्या मोहिमेला लागला. पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवून मोठा झाला. नगरला खाऊन पुढे जाणाऱ्यांत एवढं नाव दुसऱ्या कुणी काढलं नाही.

खरं तर ही निजामशाहीची राजधानी. १५४९ साली इथं मलिक-ए-मैदान नावाची अवाढव्य तोफ ओतली गेली. आज ती विजापूरच्या बुरुजावर आहे. आमची मंडळी सुट्टीत गाडी करून तिथं जातात, तोफेपुढे सहकुटुंब फोटो काढतात आणि परतीच्या वाटेवर म्हणतात, "बघा, त्या लोकांनी कसं जपलंय! नाहीतर आपण!" तोफेचं माहेर कोणतं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही.

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईत विजयनगरच्या रामरायाला पकडणारा गुलाम अली नावाचा हत्ती आमच्या निजामशहाचा होता. त्याचं थडगं बागरोजापाशी आहे, असं सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या हत्ती नजरेआड करायचा म्हणजे गावाकडे काही कसब हवंच.

किल्ल्याजवळची दमडी मशीद आणखी साधी. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी दमडी दमडी बाजूला काढून ती उभारली, अशी आख्यायिका. दगडावरचं कोरीवकाम असं, की एवढ्या कमी पैशात एवढं चोख काम नंतर नगरात झाल्याचं निदान माझ्या ऐकिवात नाही.

आणि खुद्द किल्ला! १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या नेत्यांना इथं आणून डांबलं. नेहरूंनी अख्ख्या भारताचा शोध इथं बसून लिहिला. नगर शोधायला बाहेर पडायची मात्र त्यांना परवानगी नव्हती. मौलाना आझाद पोस्टात टाकता न येणारी पत्रं लिहीत होते. त्यांतल्या काहींत त्यांनी कोठडीत शिरणाऱ्या चिमण्यांचं सविस्तर वर्णन केलंय. म्हणजे नगरच्या चिमण्या उर्दू साहित्यात जाऊन बसल्या आणि ही बातमी अजून गावातल्या माळीवाड्यापर्यंत पोचलेली नाही.

पण आमच्या न बघण्याचा कळस म्हणजे चांदबिबीचा महाल. पाथर्डीच्या वाटेवर डोंगरावर उभी असलेली ही तीन मजली, अष्टकोनी इमारत कैक मैलांवरून दिसते. चांदबिबी तिथं राहिली नाही आणि तो महालही नाही. ती मुर्तजा निजामशहाचा वजीर, दुसरा सलाबतखान, याची कबर आहे. बिचाऱ्याने राज्याचा कारभार हाकला, फराहबागेचं काम तडीस नेलं, स्वतःसाठी पंचक्रोशीतली सगळ्यात मोक्याची जागा निवडली आणि लोकांनी ती परस्पर चांदबिबीच्या नावावर करून टाकली. सातबाराचे असे फेरफार आमच्याकडे नवे नाहीत. तरी या निकालावर मी अपील करणार नाही. १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडलं, तेव्हा स्वतः उभी राहून रातोरात ते बुजवून घेणारी बाई लोकांना वजिरापेक्षा जवळची वाटली, तर त्यात चूक काय?

पाथर्डीकडून येणाऱ्या एसटीत या इमारतीचं काम ठरलेलं. "चांदबिबी दिसली, चपला घाला," असं कुठलीतरी आई म्हणते. पोरं सीटखाली चपला शोधतात, बाप वरच्या फळीवरची पिशवी काढतो, आणि खिडकीतून बाहेर बघायला कुणाला सवड नसते.

वरही फार वेगळं नाही. पुरातत्त्व खात्याची पाटी वाचत उभं राहणारा विरळाच. भल्या पहाटे पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं डोंगर पळत चढतात, घाम पुसतात, मोबाइलवर वेळ बघतात, एकमेकांना शिव्या देतात आणि पळत उतरतात. खानसाहेब खाली तळघरात. कोंबडं आरवायच्या आत एवढी माणसं हजेरीला आल्याचा योग त्यांना वजिरी करतानाही आला नसेल.