साहेब मागे कसे राहणार?

२०२६च्या ऑक्टोबरात जपानमध्ये आयची-नागोयाला आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धा आहेत आणि आमच्या साहेबांच्या अभ्यासदौऱ्याची फाइल एव्हाना तीन टेबलं ओलांडून गेली आहे. खेळाडूंच्या व्हीलचेअरची फाइलही निघालीय म्हणतात. पण ती जाड असल्यामुळे खालच्या कप्प्यात ठेवावी लागते.

साहेबांचं क्रीडाप्रेम जुनं. २०२३ साली हांगझोऊला याच स्पर्धांत भारताने १११ पदकं मिळवली, तेव्हा शंभराव्या पदकाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स त्यांनी आधीच छापून ठेवला होता. फक्त विजेत्याच्या नावाची जागा कोरी होती. ते पदक नेमकं आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या दिलीप गावितने आणलं, चारशे मीटरमध्ये, तेही सुवर्ण. कोऱ्या जागेत ‘दिलीप’ मावलं. ‘गावित’ साहेबांच्या कोपराआड गेलं. सांगलीच्या सचिन खिलारीने गोळा १६.०३ मीटर फेकून स्पर्धेचा विक्रम केला. त्याचं अभिनंदन फ्लेक्सच्या मागच्या बाजूला करायचं ठरलं होतं, पण मागे भिंत निघाली.

तर दौऱ्याआधी साहेबांनी नियमावली वाचून घेतली आणि तेव्हापासून त्यांना जेवण गोड लागत नाही.

टी-११ हा पूर्णपणे अंध धावपटूंचा गट. धावपटू आणि त्याचा मार्गदर्शक एका छोट्या दोरीने जोडलेले असतात आणि पावलाला पाऊल मिळवून पळतात. मार्गदर्शकाने ओढायचं नाही, ढकलायचं नाही. आणि शेवटची रेघ धावपटूने आधी ओलांडायची, मार्गदर्शकाने नंतर! तो आधी पोचला तर धावपटूही बाद. हांगझोऊला अंकुर धामाने याच गटात दोन सुवर्णपदकं जिंकली, म्हणजे हे जमतं असं दिसतं.

पण साहेबांना कसं जमावं? आमच्याकडे खेळाडू विमानातून उतरायच्या आधी पहिला हार साहेबांच्या गळ्यात पडलेला असतो. पदकही आधी तेच गळ्यात घालून बघतात आणि दुसऱ्या दिवशीच्या फोटोत खेळाडू डावीकडून सहावा असतो. हा नियम इथे लावला तर महाराष्ट्रातला झाडून प्रत्येक सत्कार बाद होईल. त्यात बिचाऱ्या खेळाडूचंच नुकसान, असं साहेबांनी कळवळून सांगितलं.

बोचिया तर त्याहून वाईट. ज्यांना हाताने चेंडू टाकता येत नाही, ते खेळाडू रॅम्पवरून चेंडू सोडतात. रॅम्प सरकवायला मदतनीस असतो, पण त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं. खेळ बघायचा नाही, खेळाडू सांगेल तेवढंच करायचं. कॅमेऱ्याकडे पाठ, आणि वर दुसऱ्याचं ऐकायचं! हे कळल्यावर साहेबांच्या पीएने खुर्ची धरली. शिवाय आमच्या सत्काराच्या स्टेजला रॅम्प नसतो, आठ पायऱ्या असतात. त्यामागे विचार आहे. चार कार्यकर्ते खेळाडूला खुर्चीसकट उचलतात, साहेब एका चाकाला बोट लावतात आणि फोटो पहिल्या पानावर जातो. रॅम्प बांधला तर तो फोटो कुठून आणायचा?

अंधांच्या फुटबॉलमध्ये चेंडूचा खुळखुळ ऐकू यावा म्हणून खेळ चालू असताना सगळ्यांनी गप्प बसायचं असतं. हा नियम साहेबांना अजून कुणी वाचून दाखवलेला नाही.

सन्मानाला होणाऱ्या उशिराबद्दल मात्र साहेबांवर बोट ठेवता येणार नाही. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवलं आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सरकारी घड्याळात ही वेळेवरचीच गोष्ट आहे. हांगझोऊवाल्यांनी हिशेब लावून बसावं.

नाही म्हणायला, नियमावलीतली एक गोष्ट साहेबांना मनापासून आवडली. पॅरालिंपिकमध्ये अंध धावपटू जिंकला की त्याच्याबरोबर पळणाऱ्या मार्गदर्शकालाही पदक मिळतं. साहेबांनी लगेच नाव नोंदवायला सांगितलंय. मधले पंधराशे मीटर गाडीने गेलं तर चालतं का, एवढं विचारायला पीएने पत्र टाकलंय.