कुटाचं सोवळं

नवीन पनवेलात शाळा सुटताना फाटकापाशी आज्यांचा घोळका असतो. त्यातली डबा-आजी लगेच ओळखू येते. नातू बाहेर आला की बाकीच्या दप्तर घेतात, ही आधी डबा घेते आणि कानाशी नेऊन हलवते. वाजला तर उरलंय. नाही वाजला तर एकतर संपलंय, नाहीतर कुणाला तरी दिलंय. दुसऱ्या शक्यतेची चौकशी रिक्षातच सुरू होते, कारण डबा वाटून खायला शाळेची बंदी आहे.

ही आजी घाटावरची. सोलापूर, सातारा, फार तर बारामती. मुलगा-सून सकाळची लोकल धरून मुंबईला जातात, म्हणून नातवापायी तिला घाट उतरावा लागला. येताना पिशवीत भाजके दाणे होतेच. आपण भाजीत कूट घालतो. तिच्या हातची भाजी पाहिली की कुटात थोडी भाजी घातली असावी असं वाटतं. सून मात्र पेणकडची, खोबऱ्यावर वाढलेली. पनवेल ही कोकणाची वेस, त्यामुळे इथल्या निम्म्या घरांत हा तंटा ठरलेला. काकडीच्या कोशिंबिरीत काय पडावं यावरून या वेशीवर अबोले धरले गेले आहेत.

अशात शाळेचं पत्र आलं. वर्गातल्या एका मुलाला दाण्याची ॲलर्जी आहे, सबब डब्यात शेंगदाणे, काजू, बदाम काहीही नको. सुनेने पत्र फ्रिजवर लावलं. ते जरा जास्तच ठळक लावलं, असं आजीचं म्हणणं.

आजीने आधी कायद्याचा मुद्दा काढला. “शेंगदाणा नट कुठून झाला? शेंगेत येतो, जमिनीत येतो. तूर-मुगाच्या भावकीतला तो!” वनस्पतिशास्त्र पूर्णपणे तिच्या बाजूने आहे. पण ॲलर्जी भावकी विचारत नाही आणि वर्गशिक्षिकाही विचारत नाहीत. “आजी, प्लीज,” एवढ्यावर प्रकरण निकालात निघालं.

मग न्यू जर्सीच्या लेकीला फोन. लेकीने लंडनमधलं २०१५ सालचं संशोधन सांगितलं: ज्या बाळांना धोका जास्त, त्यांना तान्हेपणीच दाण्याचे पदार्थ चाखवले, तर पुढे दाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाली. ते संशोधन जणू सोलापुरात झालं अशा थाटात आजी आठवडाभर वावरली. पण ते बाळांपुरतं. ज्याला ॲलर्जी आहे, त्याला एक दाणाही महागात पडू शकतो. घसा सुजतो, श्वास अडकतो. तरी लेकीने जाता जाता दिलेली दुसरी बातमी तिने राखून ठेवली आणि जेवताना सोडली: “अमेरिकेत नारळसुद्धा नटांत धरतात!” सुनेचा घास हातातच राहिला. रात्री तिने मोबाइल धुंडाळला. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या अन्न-औषध खात्याने नारळाला त्या यादीतून वगळलं होतं. दुसऱ्या दिवशी डब्यात खोबरं घातलेली फरसबी गेली.

इथे आजी हरली असं कुणालाही वाटलं असतं. पण पत्राच्या मागच्या बाजूला सूचना होत्या: दाण्याला लागलेली सुरी, पोळपाट, मिक्सरचं भांडं डब्यासाठी वापरू नये, हात साबणाने धुवावेत. सुनेने त्या वाचून सोडून दिल्या. आजीने चष्मा लावून दोनदा वाचल्या आणि तिचा चेहरा उजळला. हे तर सोवळं! सासूचं सोवळं तिने उभा जन्म नावं ठेवत पाळलं होतं आणि सासू गेल्यावर वर्षाच्या आत मोडलं होतं. शिकलेलं वाया कसं जाईल?

आता डब्याचं मिक्सरचं भांडं निराळं, त्यावर लाल दोरा. डब्याची कढई वरच्या फळीवर, सुनेचा हात पोचणार नाही अशी. कुटाऐवजी कधी डाळ्याचं कूट, कधी कारळ्याची चटणी. तिळाची पोळी करायच्या आधी त्या मुलाच्या आईला विचारून घेतलं, कारण तीळही काहींना बाधतो. बिस्किटाच्या पुड्यावर ॲलर्जीची सूचना छापणं २०२०च्या लेबल-नियमांनी सक्तीचं केलंय. ती बारीक ओळ आजी भिंगातून वाचते. शाळेच्या कर्णाळ्यातल्या शिबिराला निघताना संयोजकांनीच बसमध्ये ठेवलेलं चिक्कीचं खोकं तिने दारातच अडवलं. “तुमचंच पत्र आहे ना हे?” तिने घडी उलगडून दाखवली. संयोजक ओशाळून खोकं घेऊन खाली उतरला. तो मुलगा खिडकीतून बघत होता. तेव्हापासून तो फाटकापाशी आपल्या आजीच्या आधी हिच्याकडे येतो आणि खाऊचा पुडा पुढे करतो: “हे चालेल?”

घरात मात्र शाळेची बस जाईपर्यंत दाण्याचा डबा उघडायचा नाही. परवा संकष्टी. सून उपाशी, लोकलची वेळ झालेली, गॅसवर साबुदाणा.

“आई, खिचडीला कूट नाही हो.”

“खोबरं घाल की.”

“खिचडीत खोबरं कुठे चांगलं लागतं?”

आजीने पदराला हात पुसले, घड्याळाकडे पाहिलं. “सात वाजून वीस. बस जाऊ दे आधी.”