दहा ते दोन

अमेरिकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या मराठी माणसाला साठीच्या आसपास काहीतरी होतं. मुलं पांगलेली असतात, घराचं कर्ज फिटलेलं असतं आणि शनिवारची सकाळ खायला उठते. मग कुणी माळ्यावरची पेटी खाली काढतो, कुणी कढीपत्त्याच्या कुंड्या हिवाळ्यात आत आणि उन्हाळ्यात बाहेर करत बसतो, कुणी थेट सत्यनारायण सांगायला लागतो. आमच्या हिच्या थोरल्या दादांना फ्लाय फिशिंग लागलं. बाधा लागते तसं.

नवल एवढंच, की दादा सदाशिव पेठेतले. केकमध्ये अंडं आहे का, हे ते एडिसनच्या दुकानात अजून दोनदा विचारून घेतात. आणि मी मालवणचा. आमच्याकडे ह्या उद्योगाला गरवणं म्हणतात. दोरा बोटाला गुंडाळायचा, गरीला सुंगट लावायचं, कर्लीच्या खाडीत सोडायचं आणि गप्प बसायचं. बोटाला झटका बसला की ओढायचं. शेंगाळा घेऊन घरी गेलं की आई म्हणायची, "एवढोच?" संपलं शास्त्र.

गेल्या जूनमध्ये आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी दादांकडे उतरलो, तेव्हा मी हे सगळं मोठ्या उत्साहाने त्यांना सांगितलं. खयाल गाणाऱ्याने बँडवाल्याकडे पाहावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, सुंगट लावून कुणीही पकडेल हो. माशाला जे खायचंय तेच दिलंत, त्यात तुमचं काय?"

ह्या प्रश्नाला मालवणात उत्तर नाही, कारण मालवणात हा प्रश्नच नाही.

त्यांच्या जेवणघरात एक लांब कपाट आहे. त्याचे वरचे खण चमचे-वाट्यांचे, खालचे तीन दादांचे. पहिल्यात कोंबड्याच्या मानेचं पिसांसकट वाळवलेलं कातडं. दुसऱ्यात हरणाचे केस आणि सशाच्या तोंडाचं कान शाबूत असलेलं कातडं. तिसऱ्यात मोरपिसं, तेवढी वहिनींना मान्य आहेत. सगळीकडे डांबरगोळ्या. कपाटाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून पलीकडे देव्हारा.

"ह्यांनी जन्मात कोंबडी खाल्ली नाही," वहिनी म्हणाल्या, "पण घरात कोंबडा आहे, ससा आहे, हरीण आहे. खाणाऱ्यांच्या घरी निदान संपतं तरी हो."

रात्री जेवणं झाली की दादा टेबलाच्या कडेला छोटा शेगडा आवळतात, त्यात नखाएवढा गळ अडकवतात, डोळ्याला भिंग लावतात आणि दोन-दोन तास त्यावर दोरा, पिसं, केस गुंडाळत राहतात. तयार होतं ते कधी बेडकासारखं दिसतं, कधी अळीसारखं, बहुधा न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या गुंतवळासारखं. पण प्रत्येकाला घराणं आहे. "हा वूली बगर. पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंगने १९६७ साली बांधला. आणि हा क्लाउझर. बॉब क्लाउझरने सस्क्वेहाना नदीतल्या बाससाठी काढला. शिशाचे डोळे आहेत बघा, म्हणून डोकं खाली करून बुडतो." हे सांगताना दादांचा हात नकळत कानाच्या पाळीकडे जातो.

बास हा मासा आहे, हे मला पहिल्या दिवशी ठाऊक नव्हतं. काठावर येऊन पाच मिनिटं झाली नव्हती, दादा पाण्याकडे बघत हलकेच म्हणाले, "बास!" मी लगेच डबा पिशवीत भरला. हा घोटाळा त्या घरात रोजचाच आहे. संध्याकाळी वहिनी फोन करतात, "बास झालं आता." दादा म्हणतात, "कुठे झालाय? सकाळपासून एकही नाही."

बास रागीट. भूक नसली तरी डोक्यावर काही टपकलं, की चिडून तोंड टाकतो. मराठी मंडळाच्या सर्वसाधारण सभेत असे दोघे-तिघे असतात. म्हणूनच दादांना तो फारसा भावत नाही. त्यांचा जीव कार्पमध्ये.

कार्प रोहू-कटल्याच्याच कुळातला. अमेरिकेतले सज्जन मासेमार त्याच्याकडे नाक मुरडतात, आणि दादांना नेमका त्याचाच राग आहे. १८७७ साली रुडॉल्फ हेसेल नावाच्या गृहस्थाने जर्मनीहून ३४५ जिवंत कार्प बोटीने आणले, सरकारी मत्स्य आयोगासाठी. बाल्टिमोरच्या ड्रुइड हिल पार्कमधल्या तळ्यांत ते सोडले. पुढे लोक आपापल्या खासदाराकडे अर्ज करून पिल्लं मागवायला लागले. आणि मग, पाणी गढूळ करतो, इतरांच्या जागा बळकावतो, म्हणून हाच मासा सगळ्यांना नकोसा झाला.

"आधी मानाने बोलावलं, मग म्हणे गर्दी करतात," दादा म्हणाले. ते स्वतः १९८९ साली व्हिसावर आले. पुढे ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

आमचं ठिकाण ग्रिग्जटाउनजवळ. एका बाजूला मिलस्टोन नदी, दुसऱ्या बाजूला डेलावेअर-रॅरिटन कालवा, मधे पायवाट. आयरिश मजुरांनी फावड्यांनी खणलेला हा कालवा १८३४ साली सुरू झाला, १९३२ पर्यंत त्यातून मालाच्या बोटी जायच्या आणि ह्याच वाटेवरून खेचरं त्या ओढायची. आता तिथून डॉक्टरने सांगितलेली माणसं चालतात. नदीचं पाणी चहाच्या रंगाचं, आणि त्याला कुठे जायची घाई नाही. पेन्शनच्या रांगेसारखं ते मधूनच एक पाऊल पुढे सरकतं.

तंत्र असं. नेहमीच्या गळाला शिसं असतं, ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. इथे गळाला वजनच नाही, वजन दोरीला. म्हणून नऊ फुटी काठीने आधी दोरी हवेत मागे, पुढे, मागे, पुढे खेळवायची, आणि काठी घड्याळातल्या दहा आणि दोनच्या पलीकडे जाऊ द्यायची नाही. "दहा ते दोन, दहा ते दोन," दादा पुटपुटत होते. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. दहा ते दोन ही आमची काउंटरची वेळ. त्या वेळात गिऱ्हाइकाच्या हाती फारसं काही लागत नसे. दादांचंही तेच. पुढच्या पाण्यात मासे असतात, पण मागच्या बाजूला झाड असतं, आणि सकाळभरात त्यांनी एक मेपलची फांदी, माझी टोपी आणि चालायला आलेल्या बाईंच्या कुत्र्याचा पट्टा असा ऐवज धरला. तिन्ही रीतसर सोडून दिले.

कार्पला म्हणे माणसासारखं बोललेलं चालत नाही. त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून कानापर्यंत हाडांची साखळी असते, काठावर पाय आपटला तरी त्याला कळतं. हे खरं आहे. पण त्यापायी मला शिंकायची बंदी, फोन बंद, आणि चिवड्याचा डबा उघडायचा तर तीस पावलं लांब जाऊन. तेव्हा मी पिशवी उचलली आणि वरच्या अंगाला, पाण्यावर वाकलेल्या एका झाडाखाली जाऊन बसलो.

झाड तुतीचं होतं. जूनमध्ये तिकडे तुती पिकते आणि पाण्यात पडते, टुपुक, टुपुक. कार्प ती वरच्यावर ओढून घेतात. ह्यासाठी दादांनी तीन आठवडे खपून जांभळ्या दोऱ्याची एक तुती बांधली होती, हिरव्या देठासकट. मी अज्ञानाने विचारलं होतं, "खरीच लावली तर?" वहिनींनी मला मागून कोपर मारलं.

तर मी तुती खात बसलो. गोड एक तोंडात, पिचकी एक पाण्यात. पाचसहा झाल्यावर खाली पाण्यात काहीतरी तांबूस हललं. मग दुसरं. मग मिशा दिसल्या, जाड ओठ दिसले, आणि माझी पिचकी तुती आवाज न करता नाहीशी झाली. आई म्हणायची तसलं 'एवढोच' नव्हे, चांगला हातभर. मग मी गोडही टाकू लागलो. तुतीमागून तुती ओघाबरोबर सावकाश दादांच्या दिशेने चालली होती, आणि तिच्यामागून वऱ्हाड.

दादांनी ते बघितलं आणि त्यांचे गुडघे वाकले. दहा, दोन, दहा, आणि त्यांची तुती खऱ्या दोन तुत्यांच्या मधे जाऊन पडली. टुपुक.

पुढची वीस मिनिटं सांगत नाही. फिरकी रडली, दादा ओरडले, चष्मा पाण्यात गेला. शेवटी जाळ्यात आला तो साडेनऊ पौंडाचा. पाठीवरचा एकेक खवला जुन्या रुपयाएवढा, कडेने काळी रेघ, पोटाकडे हळदीचा रंग. मला समोर तिरफळं दिसायला लागली. दादांनी आधी हात ओले केले, गळ अलगद सोडवला, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, त्याचे कल्ले नीट हलायला लागले तशी मूठ सैल केली. साडेनऊ पौंड! शेपटीच्या एका फटक्याने दादांच्या तोंडावर चिखल उडवून गेला. "आता लक्षात राहील त्याच्या," दादा म्हणाले. माझ्या तर राहिलंच.

सोडण्याआधी चालणाऱ्या बाईंनी फोटो काढला होता. दादा मासा धरून, मी शेजारी, दोन्ही हात खिशात.

संध्याकाळी तो फोटो सगळ्या नातेवाइकांना गेला. खाली दादांनी तीन परिच्छेद लिहिले होते: देठाचा कोन, जांभळ्याची छटा, कोणत्या कोंबड्याचं पीस. वहिनींनी चष्मा लावून फोटो मोठा केला.

"भावजी, तुमचे ओठ असे जांभळे का हो?"

"थंडीने," मी म्हणालो.

बाहेर नव्वद डिग्री ऊन होतं. वहिनींनी फोन खाली ठेवला, दादांच्या खणाकडे एकदा बघितलं आणि माझ्या पानात आणखी एक पोळी वाढली.