अंटार्क्टिकाचं सोवळं

अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याला लागण्याआधी जहाजांवर एक मजेशीर आवराआवर चालते. एरवी हिमनद्यांचं वय सांगणारी विद्वान माणसं मांडी घालून बसतात, कोटाचे खिसे उलटे करतात, शिवणींवरून व्हॅक्यूम क्लीनरची नळी फिरवतात आणि चरचर वाजणाऱ्या व्हेल्क्रोच्या पट्टीत रुतलेलं गवताचं कुसळ चिमट्याने उपसतात. मग बुटांचे तळवे घासायचे, जंतुनाशकात बुडवायचे. मला आजीचं सोवळं आठवतं; कुणाला शिवू न देणारं, स्वयंपाकघरापुरतं तिचं साम्राज्य. फरक एवढाच, की आजीला जगाच्या विटाळाची धास्ती होती. इथे माणूस स्वतःलाच विटाळ समजून एका खंडाची क्षमा मागत पाऊल टाकतो. विज्ञानाने सोवळं मोडलं म्हणतात. मोडलं कुठलं, नुसतं उलटं करून नेसलं.

धास्ती वावगी नाही. 2007-08 च्या उन्हाळ्यात तिथे जाणाऱ्यांचे कपडे आणि पिशव्या संशोधकांनी झाडून पाहिल्या. ज्यांच्याकडे बिया निघाल्या त्यांच्याकडे सरासरी 9.5, आणि दरडोई हिशेबात पर्यटकांपेक्षा विज्ञानमोहिमांची माणसंच सरस ठरली. साहजिक आहे. शास्त्रज्ञाचा कोट आधी कुठल्या कुठल्या डोंगरांवर गुडघे टेकून आलेला असणार. त्या सबंध खंडावर फुलणाऱ्या देशी वनस्पती दोनच. पण किंग जॉर्ज बेटावर, पोलंडच्या आर्क्टोव्स्की तळाजवळ, 1985 च्या सुमारास तिसरं एक गवत उगवलं: पोआ अन्नुआ, जगभरच्या हिरवळींवर मुकाट वाढणारं. पुढे ते उपटायलाही शास्त्रज्ञच वाकले.

आता मुसळाकडे वळू. कुसळं वेचली जातात ते जहाज इंधन जाळत जातं. तिथल्या आपल्या भारतीय ‘मैत्री’ तळाची ऊबही डिझेलचीच. 1991 च्या माद्रिद कराराने कचरा परत न्यायला लावला, स्लेज ओढणारे बिचारे कुत्रेसुद्धा 1994 पर्यंत तिथून हलवले. पण धुराला परतीचं तिकीट नसतं. आणि याच धुराच्या जोरावर माणसं जिथे पोचली, तिथल्या बर्फात कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांनी सांगितलं, की गेल्या 8 लाख वर्षांत हवेत आजच्याएवढा कार्बन डायऑक्साइड कधीच नव्हता. शास्त्रज्ञाला ही विसंगती कळत नाही थोडीच? आपल्या डोळ्यातलं मुसळ त्याला चांगलं दिसतं, लांबीरुंदीसकट दिसतं. तरी तो कुसळाशी झटत बसतो, कारण मुसळ एकट्याच्या चिमट्यात मावत नाही. कुसळ मावतं, आणि तेवढं काढल्याशिवाय उतरायला त्याचं मन घेत नाही.