लक्ष हाये, पन कोठी हाये?

अमरावतीच्या बस स्टँडवर पाटीवरचं ‘चांदूर’ एवढंच वाचून जो गाडीत चढतो, तो थोड्या वेळानं चांदूर बाजारला उतरतो. घर त्याचं चांदूर रेल्वेला. एक चांदूर अमरावतीच्या उत्तरेला, दुसरं आग्नेयेला, आणि दोन्ही एकाच जिल्ह्यात. मुंबई-नागपूर लोहमार्ग गावातून जातो म्हणून याला ‘रेल्वे’ म्हणायचं, त्याला ‘बाजार’. सोय चांगली आहे, पण ती पाटी शेवटपर्यंत वाचणाऱ्यांसाठी.

न वाचणारा एक गृहस्थ चांदूर रेल्वेत राहतो. नाव कशाला सांगा. गावातल्या पाच-सहा जणांना वाटेलच की हे आपल्यावर लिहिलं, आणि त्यातले निम्मे इथवर वाचून उठलेही असतील. वय चाळिशीच्या पुढं, मोटर वाइंडिंगचं दुकान, गावाबाहेर थोडं वावर. आगगाडीनं आला तरी तऱ्हा तीच. बडनेऱ्याला बसतो, शेजारच्याशी तुरीच्या भावावर बोलणं रंगतं, चांदूर मागं पडतं आणि धामणगाव येतं. मग बायकोला फोन : “अवं, रेल्वे त बरोबर आली, गावच चुकलं.” धामणगावच्या नावापुढेही ‘रेल्वे’च आहे.

शाळेत त्याची जागा खिडकीपाशी होती, हा त्याच्या शिक्षणातला मोठा अपघात. “लक्ष कोठी हाये बे?” असं सरांनी विचारलं की हा उभा राहून खरं सांगायचा, “मालगाडी गेली सर. अठ्ठावन डबे होते.” डबे बरोबर असत. छडीही बरोबर बसे. प्रगतिपुस्तकावर दरवर्षी एकच शेरा : हुशार आहे, पण लक्ष देत नाही. देत नाही आणि देता येत नाही, यात फरक असतो हे कळायला तीस वर्षं आणि एक लेक लागली.

लेक आठ वर्षांची. दंगा नाही, मस्ती नाही. फळ्याकडं बघत शांत बसायची आणि वही कोरी. अशा मुली सहसा नजरेतून सुटतात, कारण वर्गाला त्यांचा त्रास नसतो. हिच्या बाई मात्र चौकस निघाल्या. त्यांच्या सांगण्यावरून मंडळी अमरावतीला मानसोपचारतज्ज्ञांकडं गेली. तिथं लेक खुर्चीत गप बसली. बापानं तेवढ्यात टेबलावरचा पेन उघडून स्प्रिंग बाहेर काढली, पंख्याचा कंडेन्सर गेला आहे असं निदान केलं आणि डॉक्टरांचे प्रश्न पूर्ण व्हायच्या आधीच उत्तरं दिली. त्यातली काही भलत्याच प्रश्नांची होती. डॉक्टरांनी लेकीचा कागद बाजूला ठेवला, कोरा कागद घेतला आणि विचारलं, “तुमचं वय काय?”

मुलाला दाखवायला यावं आणि स्वतःचं निदान घेऊन जावं, हे अशा दवाखान्यांत नवलाचं नाही. नाव लांबलचक, ‘अटेंशन डेफिसिट हायपरअॅक्टिव्हिटी डिसऑर्डर’, तोंडी एडीएचडी. माणसामाणसांत या बाबतीत जो फरक असतो, त्यातला ७० ते ८० टक्के वाटा आनुवंशिक असतो, असं जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसतं. घरी आबाजींनी हे ऐकलं आणि ते भडकले. “माह्यासारखंच त हाये पोट्टं! मंग बिमारी कायची?” हे आबाजी तरुणपणी सायकलवर बाजारात जात आणि पायी परत येत. सायकल दुसऱ्या दिवशी कोणीतरी आणून देई.

वैद्यकशास्त्रही बराच काळ भलतीकडंच बघत होतं. १९०२ मध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं लंडनला अशा मुलांवर व्याख्यानं दिली आणि दोष काढला तो ‘नैतिक नियंत्रणा’चा. म्हणजे आपल्याकडं ‘वाया गेलं पोट्टं’ म्हणतात तेच, फक्त रॉयल कॉलेजात उभं राहून. त्याच्याही आधी, १८४० च्या दशकात, हाइनरिख हॉफमन या जर्मन डॉक्टरनं मुलांसाठी चित्रांचं पुस्तक केलं. त्यातला चुळबुळ्या फिलिप जेवताना खुर्ची डोलवतो आणि पडता पडता टेबलावरच्या कापडासकट सगळं जेवण खाली ओढतो. तोच पोरगा वऱ्हाडात पंगतीला मांडी घालून बसला असता, तर वरणाच्या बादलीपलीकडं नुकसान झालं नसतं. एडीएचडी हे नाव १९८७ चं. आज जगभर साधारण ५ टक्के मुलांत आणि अडीच टक्के मोठ्यांत हा विकार आढळतो.

आतून हे कसं असतं? एक सकाळ घ्या. बायको म्हणाली, “दहाचा सांबार आना, अन् लवकर या.” (वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर, बाहेरच्यांनी इडली मनात आणू नये.) गृहस्थ निघाला. गाडीची चाबी सापडेना. ती शोधताना टेस्टर सापडला, टेस्टर दिसल्यावर न्हाणीतलं बिघडलेलं बटण आठवलं. बटण खोललं. स्क्रू ठेवायला वाटी हवी म्हणून स्वयंपाकघरात गेला. बायकोनं पाठमोरीच विचारलं, “आले काय?” “हो,” म्हणाला, कारण आलाच होता. वाटी ओट्यावरच राहिली, हा पायी रस्त्याला लागला. तिथं बोअरची गाडी लागलेली. पाणी लागते की नाही लागत, यावर चार जण वाद घालत होते. हा पाचवा झाला. घरी परतला तेव्हा हातात सांबार नव्हता. दोनशे वीस फुटांवर पाणी लागल्याची पक्की बातमी होती, आणि न्हाणीत अंधार होता.

यातलं कोणतंही काम त्यानं टाळलं नव्हतं. जी गोष्ट समोर आली, ती त्या घडीला जगात सगळ्यात तातडीची होती. ‘तू थांब, तुझा नंबर नंतर’ असं म्हणणारी जी व्यवस्था मेंदूच्या पुढच्या भागात असते, ती डोपामिन आणि नॉरएड्रेनलिन या रसायनांवर चालते, आणि अशा माणसांत तिचा कारभार ढिला असतो. शिपाई रजेवर गेलेल्या बँकेसारखं : सगळे एकदम खिडकीशी, आणि आवाज ज्याचा मोठा त्याचं काम आधी. वेळेचंही तसंच. याच्या घड्याळात दोनच वेळा, ‘आत्ता’ आणि ‘मंग’. लाइट बिल कायम ‘मंग’मध्ये असतं, लाइन कापायला माणूस दारात आला की ते एकदम ‘आत्ता’मध्ये येतं.

उलट, ऐन हरभऱ्याच्या ओलिताला कोणाची मोटर जळून आली की हाच गडी रात्रभर तांब्याच्या तारेचे वेढे मोजत बसतो. एक वेढा चुकत नाही. डबा तसाच राहतो, तहानही लागत नाही, बायकोच्या हाका कानावरून जातात. लोक विचारतात, “हे जमते, मंग बिल भराले काय होते?” प्रश्न वाजवी वाटतो, पण आहे दुष्ट. आवड किंवा निकड असली की हे लक्ष असं चिकटतं की निघत नाही. नुसतं ‘करायला पाहिजे’ म्हणून ते जागचं हलत नाही. आळशी माणूस निदान आरामात असतो. हा दिवसभर धावतो, आणि रात्री काय झालं ते मोजायला बसला की हाताशी काही लागत नाही.

निदानाची बातमी चौकात पोचायला वेळ लागला नाही. चहाच्या टपरीवर जो तो म्हणू लागला, “हे त मलेही होते!” अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या यादीत वस्तू हरवणं, दुसऱ्याचं बोलणं तोडणं, आपल्या पाळीची वाट न पाहता येणं असली लक्षणं आहेत, तेवढ्यावर जायचं तर एसटीत रुमाल टाकून जागा धरणारा अख्खा महाराष्ट्र आजारी ठरेल. पण अट पुढं आहे : मोठ्यांत नवापैकी निदान पाच लक्षणं, तीही बाराव्या वर्षाच्या आतली, एकाहून जास्त ठिकाणी दिसणारी आणि संसाराचं, कामाचं खरोखर नुकसान करणारी. टपरीवरचे वीर दुसऱ्या अटीलाच गळाले.

नुकसान मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. उपचार न झालेल्यांत वाहनांचे अपघात जास्त होतात, नोकऱ्या सुटतात, कर्ज वाढतं, आणि बालपणापासून ऐकलेला तो शेरा माणूस शेवटी स्वतःच स्वतःला देऊ लागतो. मल्याळी नट फहाद फासिलनं २०२४ मध्ये जाहीर सांगितलं की एक्केचाळिसाव्या वर्षी त्याला हे निदान झालं. गृहस्थानं तो व्हिडिओ आवडीनं पाहिला, अर्धा.

डॉक्टरांनी उपाय सांगितला : डोक्यावर भरवसा ठेवू नका, आठवण बाहेर, डोळ्यांसमोर ठेवा. पुण्या-मुंबईत यासाठी लोक ॲप विकत घेतात. चांदुरात ही सोय आधीपासून होती, फुकट, टोमण्यांसह. किराणावाला यादी विचारतच नाही, वहिनींना फोन लावतो. भाजीवाली मावशी दुरूनच ओरडते, “भाऊ, सांबार!” गाडीची चाबी टपरीवाल्याच्या खिळ्यावर असते. आजीनं सावंगा विठोबाला कापराचा नवस बोलला होता. गुढीपाडव्याला तिथं कापराच्या राशी जळतात. हा आजीला घेऊन वेळेवर पोचला, कापूर फ्रिजवर. तो घेऊन शेजारी मागून आले, कारण त्यांना अंदाज होता.

राहता राहिल्या गोळ्या. या विकारावरचं जुनं औषध मिथाइलफेनिडेट १९४४ मध्ये स्वित्झर्लंडात लिआंद्रो पानिझॉन या रसायनशास्त्रज्ञानं तयार केलं. त्याची बायको टेनिस खेळायच्या आधी ते घ्यायची; तिच्या ‘रिटा’ या लाडक्या नावावरून ते झालं रिटालिन. “पहा,” बायको म्हणाली, “लोक बायकोच्या नावानं औषध काढतात, अन् तुमच्याच्यानं मले सांबार आनून होत नाही.” ते औषध आपल्याकडं अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. डॉक्टरांनी याला दुसरं दिलं, अॅटोमॉक्सेटिन. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ते रोज घ्यावं लागतं. विसरभोळ्यानं न विसरता घ्यायचं औषध, ही योजना ज्यानं केली त्याला विनोदाचं अंग असावं.

गजर लावून पाहिला. गजर वाजला की तो बंद करायचं बरोबर लक्षात राहतं. आता गोळ्या गावातला मेडिकलवाला मागवून ठेवतो आणि महिना संपत आला की दुकानातूनच हाक मारतो, “काकाजी, संपल्या असतीन!” परवा अशीच हाक आली. गृहस्थ लगबगीनं वळला, पायरी चढला, पैसे मोजून दिले, सुटे घेतले, दुकानातल्या फ्रिजचा कॉम्प्रेसर का घरघरतो ते पोऱ्याला समजावून सांगितलं आणि गाडीला किक मारून निघून गेला. पोऱ्या गोळ्यांची पिशवी हातात घेऊन मागं धावला नाही. त्यानं वहिनींना फोन लावला.